विठ्ठलरावांच्या पिकअपमधली हवा

१

विठ्ठलरावांची पिकअप कळंबच्या बाजार चौकातून आत वळली, तेव्हा चारुदत्तने मान वर न करताच तिला ओळखलं. ओळखायला आवाजच पुरेसा होता. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता नुसतं चालू असलेलं इंजिन आधी आपोआप वर चढायचं, मग खाली यायचं, आता बंद पडणार असं वाटेपर्यंत खाली यायचं, आणि अंगात काही शिरल्यासारखं थरथरून पुन्हा उसळायचं. बोनेटचा पत्रा खडखडत होता.

"आली पाहा चारूभाऊची पेशंट," शेजारच्या चहाच्या टपरीवरून कोणीतरी म्हणालं, आणि टपरीवरचे सगळे हसले.

चारुदत्तही हसला. हसणं भागच होतं. ही गाडी आठ-पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा त्याच्या दारात आली होती. पहिल्यांदा त्याने डिझेल फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा इंजेक्टर काढून तपासून आणले, लाइनीतली हवा काढली, आणि गाडी परत देताना छातीठोकपणे म्हणाला, "काका, आता वर्षभर माझं तोंड पाहायला येऊ नका."

यवतमाळच्या त्यांच्या घरात वडील, काका, आत्या, सगळे कचेऱ्यांतले. डिप्लोमात पहिला आलेला चारू कळंबला जाऊन गॅरेज टाकतो म्हणाला, त्या दिवसापासून वडील वामनराव पाहुण्यांना "चारू ऑटोमोबाइलमध्ये आहे" एवढंच सांगत आणि विषय बदलत. त्यामुळे गाडी परत आली की चारुदत्तला नुसतं गिऱ्हाईक परत आल्यासारखं वाटत नसे. वडिलांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटे.

विठ्ठलराव खाली उतरले. साठी उलटलेला, उंच, करड्या मिशांचा माणूस. उतरता उतरता त्यांचा डावा पाय नटबोल्टांच्या परातीवर पडला आणि सगळे नट खडखडत सिमेंटवर विखुरले. त्यांनी परातीकडे असं पाहिलं, जणू तीच मुद्दाम पायाखाली आली.

"मधातच ठेवता बापा सामान!" ते खेकसले. "आन् तुले जमत नसन तं सांगून टाक न, इंजिनेर. म्या गाडी यवतमाळले नेतो."

चारुदत्तने बोनेट उघडलं, टॉर्च मारला, आणि फिल्टरच्या डोक्यावरच्या छोट्या स्क्रूपाशी येऊन थांबला. लाइनीतली हवा काढायचा हा स्क्रू. तो जरा जरी सैल असला तरी चालू इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढतं. मग स्लोवर गाडी एकसारखी राहत नाही, आणि खाली थेंबभर डिझेलही सांडत नाही. मागच्या वेळी त्याने तो स्वतः आवळला होता. आवळून झाल्यावर स्क्रू आणि बॉडी यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली होती. स्क्रू हलला तर रेघ तुटेल, म्हणून.

रेघ तुटली होती. अर्धी बॉडीवर होती आणि अर्धी स्क्रूबरोबर पार बाजूला गेली होती.

थरथरून स्क्रू सुटला असता तर किंचित सुटला असता, इतका फिरला नसता. आणि त्याच्या डोक्यावर आडव्या दात्यांचे ओरखडे होते, ताजे.

चारुदत्तने टॉर्च बंद केला. आपण मूर्ख नव्हतो, या सुटकेने त्याला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य तो जरा मोठ्यानेच बोलला.

"काका, तुमची गाडी बिघडलेली नाही. कोणीतरी बिघडवतंय."

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मोटरसायकल घेऊन विठ्ठलरावांच्या गावी गेला. राळेगाव रोडने जाताना दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणीला बाया लागल्या होत्या. विठ्ठलरावांचं घर रस्त्याला लागूनच. पुढे मोठं अंगण, अंगणात पिकअप, पलीकडे गोठा.

रविवार असल्याने बंटीही घरी होता. विठ्ठलरावांचा हा एकुलता एक मुलगा यवतमाळला नोकरीला होता आणि सुटीलाच गावी यायचा.

"म्या कधीचा सांगून राह्यलो, इकून टाका हे डबडं," बंटी म्हणाला. "बाबा ऐकतच नाही. गाडी बिघडली तं माह्यासाठी चांगलंच हाय, खोटं कायले बोलू?"

म्हणजे याला कारण होतं. पण गाडी बिघडली ती मंगळवारी, गुरुवारी, परवा शुक्रवारी. त्या तिन्ही दिवशी बंटी यवतमाळला होता. चारुदत्तने मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

"कधी बिघडते, ते नीट सांगा," त्याने विठ्ठलरावांना विचारलं.

"माह्या हाती आली का उड्या मारते. सकायी चावी लावली का उड्या सुरू. मंग म्या कपिलले फोन करतो. कपिल येऊन बसला का गुमान चालते! जशी काई झालंच नाही."

कपिल गावातलाच. विठ्ठलरावांकडे माल न्यायचा असला की त्याला गाडीवर बोलवायचे, ज्या दिवशी बोलावलं त्या दिवसाची मजुरी. एरवी विठ्ठलराव स्वतःच गाडी हाणायचे, आणि गाडी आपण हाणतो याचा त्यांना मोठा अभिमान होता.

कपिल गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. तिशीच्या आतला, हडकुळा, हळू बोलणारा.

"मले तं कदी दिसलीच नाही भाऊ, काकाजी म्हणतात तशी," तो म्हणाला. "म्या येतो, सेल मारतो, गाडी चांगली असते."

"बोनेट उघडतोस?"

"कायले उघडू? चांगल्या गाडीचं बोनेट कोण उघडते?"

विठ्ठलरावांची बायको, विमलताई, चहा घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं नीट मिटेपर्यंत सोडला नाही. मग चारुदत्तला दिला, कपिलला दिला. चारुदत्त चहा घेताना गाडीकडेच पाहत होता. पिकअपची डावी बाजू समोरून मागेपर्यंत घासलेली होती, डावा आरसा तारेने बांधलेला होता. गावाकडच्या गाड्या अशाच असतात.

रस्त्यावरून शेजारची वैष्णवी चालली होती. शाळकरी पोर, आणि हात गळ्यात बांधलेला, प्लास्टरमध्ये.

"काय झालं गं?" चारुदत्तने सहज विचारलं.

"सायकलीवरून पडली," उत्तर बंटीने दिलं. "कोन्या गाडीनं कट मारला रोडवर. थांबला बी नाही हरामखोर."

विमलताई रिकामा ट्रे घेऊन आत निघून गेल्या.

चारुदत्तने पिकअपच्या सीटमागचा हत्यारांचा डबा उघडला. पाने, जॅकचा दांडा, चिंध्या, आणि तळाशी एक जुनी पक्कड. त्याने तिचा जबडा उघडून पाहिला. आडवे दाते.

"पक्कड कोणाची?"

"माही हाय," कपिल म्हणाला.

३

चारुदत्त हुशार होता, आणि हुशार माणसाला कोडं बरंचसं सुटलं की उरलेलं आपोआप सुटल्यासारखं वाटतं. गाडी मालकाच्या हातात बिघडते, ड्रायव्हरच्या हातात सुधारते. मालक वैतागून ड्रायव्हरला बोलावतो. ड्रायव्हरची मजुरी सुटते. पक्कड ड्रायव्हरची. यात आणखी शोधायचं काय राहिलं?

तरी तो हे विठ्ठलरावांना घरी बसून, हळू आवाजात सांगू शकला असता. तसं त्याने ठरवलंही होतं. पण बाजाराच्या दिवशी कपिल पिकअप घेऊन कळंबला आला, गुरांसाठी ढेपेची पोती घ्यायला, आणि गाडी लावून टपरीवर चहाला थांबला. बाजारामुळे टपरीभोवती गर्दी होती.

"का चारूभाऊ," टपरीवाल्याने हाक मारली, "पेशंट जगला का मेला?"

पुन्हा तेच हसणं. चारुदत्तच्या कानशिलांना झोंबलं ते.

"पेशंटला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला. "माझं काम पक्कंच होतं. विष घालणारा त्याच्याच घरात बसला होता." आणि मग, सगळे ऐकतायत हे पाहून, "तिथं उभा आहे बघा, चहा पीत. हवेचा स्क्रू सैल करायचा, मालकाने बोलावलं की आवळायचा. रोजची मजुरी पक्की!"

लोक कपिलपासून थोडे सरकले. फार नाही, एखाद-दोन पावलंच.

कपिलने चहाचा ग्लास फळीवर ठेवला. तो अर्धा भरलेला होता.

"भाऊ, तुमी पाह्यलं का मले?"

"पाहायला कशाला पाहिजे? खुणा बोलतात."

"पाह्यलं का, तेवढं सांगा."

"नाही पाहिलं. पण—"

कपिलने पुढचं ऐकलं नाही. तो पोती भरलेली गाडी घेऊन गावी गेला, अंगणात लावली, चावी विमलताईंच्या हातात दिली आणि घरी गेला. त्याच्या आधी बातमी तिथे पोचलेली होती. विठ्ठलरावांनी संध्याकाळी फोन करून चारुदत्तला शाबासकी दिली. "घरातलाच निंगाला पाहा! तू होता म्हणून सापडला."

त्या दिवशी चारुदत्तने वडिलांना आपण होऊन फोन केला. एक अवघड केस सोडवली, म्हणाला. वामनरावांनी "असं का, छान" म्हटलं. तेवढ्यानेही त्याला बरं वाटलं.

हे बरं वाटणं आठवडाभर टिकलं. मग एका सकाळी विठ्ठलरावांचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज चढत होता, पडत होता.

"इंजिनेर, गाडी पुन्हा उड्या मारून राह्यली," विठ्ठलराव म्हणाले. "आन् कपिल तं त्या दिवसापासून इकडं फिरकलाच नाही."

४

त्याच दुपारी कपिलची आई गॅरेजवर आली. धुरपताबाईंना चारुदत्तने कधी पाहिलं नव्हतं. काळ्या-सावळ्या, बुटक्या, वेचणीच्या कामावरून तशाच आलेल्या. लुगड्याला कापसाचे तंतू चिकटले होते. एसटीने उभ्यानेच आल्या असणार. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि कपिलने गाडीतून घरी आणलेली ती जुनी पक्कड चारुदत्तच्या बाकावर ठेवली.

"हे घे. यानंच केलं म्हनला न तू?"

"मावशी, बसा—"

"बसाले नाही आली म्या. माहा पोरगा जिनिंगवर गेलता काम मांगाले. थे काय म्हनले, मालूम हाय? 'तू गाड्या बिघडवतो न बे.' राळेगावले गेला, तिथं बी तेच. घरात तोंड करून झोपून राह्यला भिंतीकडं. बायकोसंगंही बोलत नाही. तू शिकेल हाय न? मंग पाह्य हे पक्कड, आन् सांग मले, कसं केलं त्यानं."

चारुदत्तला त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून त्याने पक्कड उचलली. हातांना काहीतरी काम हवं होतं. विठ्ठलरावांच्या गाडीचा तो ओरखडलेला स्क्रू त्याने बदलून ठेवला होता, आणि जुना तसाच खणात पडला होता. त्याने तो काढला, पक्कडीच्या जबड्यात धरला आणि उजेडात नेला.

हे त्याने आधीच करायला हवं होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातल्या पोरानेही केलं असतं.

पक्कडीचे दाते बारीक आणि एकमेकांना लागून होते. स्क्रूवरचे ओरखडे रुंद होते, दोन ओरखड्यांमध्ये चांगली मोकळी जागा. शिवाय पक्कडीने लोखंडात खोल चावा घेतला असता. हे ओरखडे वरवरचे होते, पातळ पत्र्याच्या जबड्याने जोर लावून, घसरत घसरत फिरवल्यासारखे.

"मावशी," तो म्हणाला. "ही पक्कड नाही."

"म्या काय सांगून राह्यली मंग?"

"माझं चुकलं."

त्या रडल्या असत्या किंवा ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

"मले कायले सांगतो?" त्या म्हणाल्या. "मले तं मालूमच होतं." पक्कड पुन्हा पिशवीत टाकून त्या बस पकडायला निघून गेल्या.

चारुदत्त स्क्रू हातात घेऊन तसाच बसला. मग कोणी केलं? सकाळी गाडी सुरू होण्याआधी तिथे असणारं. कपिल यायच्या आत पुन्हा आवळू शकणारं. हातपंप मारून लाइनीतली हवा काढता येणारं. म्हणजे रोज त्या अंगणात वावरणारं माणूस, आणि तेही हे काम शिकलेलं.

पण ते शिकवलं कोणी?

आणि मग त्याला पोळ्याच्या आधीचा एक दिवस आठवला.

५

त्या दिवशी पिकअपचं डिझेल संपून लाइनीत हवा गेली होती. गाडी अंगणातच अडकली म्हणून विठ्ठलरावांनी त्याला घरी बोलावलं होतं. हवा काढायला दोन माणसं असली की काम लवकर होतं. एकाने हातपंप मारायचा, दुसऱ्याने स्क्रू सोडायचा आणि आवळायचा. विठ्ठलराव गोठ्याकडे होते. चारुदत्त स्क्रूवर वाकून म्हणाला होता, "पंप मारा जरा," आणि कोणीतरी मारला होता. हिरव्या बांगड्या घातलेला एक हात. त्या हाताला तो सगळं समजावतही होता, कारण काम करताना बडबडायची त्याला सवय होती: हा स्क्रू जरा सैल राहिला की गाडी हवा पिते, स्लोवर उड्या मारते, आवळून पंप मारला की पुन्हा ठीक.

हात कोणाचा, हे त्याने वर मान करून पाहिलं नव्हतं.

तो तडक विठ्ठलरावांच्या गावी गेला, तेव्हा विठ्ठलराव शेतावर गेले होते, पायीच. विमलताई घरात एकट्या होत्या. "काका येईपर्यंत थांबतो," तो म्हणाला, तशा त्या चहा टाकायला आत गेल्या. चारुदत्त स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. चहा उकळून वर आला. विमलताईंनी सांडशीने पातेलं धरून खाली उतरवलं आणि सांडशी चुलीशेजारी ठेवली.

पत्र्याची सांडशी. जबड्याच्या आत रुंद, आडवे दाते.

त्याने खिशातून स्क्रू काढला आणि सांडशीच्या जबड्यात ठेवला. ओरखडे दात्यांवर अचूक बसले.

विमलताईंनी पाहिलं. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग त्या पाटावर बसल्या.

"लय घट्ट आवयून ठेवला होता तुमी," त्या म्हणाल्या. "हात सोलला माहा."

"काकू, कशासाठी?"

"त्यायले दिसत नाही."

चारुदत्तला आधी समजलंच नाही.

"समोरचं दिसते. डाव्या अंगाचं काईच दिसत नाही, कित्येक महिने झाले. ताट डावीकडं ठेवलं तं तसंच राह्यते. दाराले धडकते, मंग दारावरच चिडते. म्या म्हटलं डोये दाखवा, तं म्हनते तुह्याच डोक्यात फरक पडला." त्यांचा आवाज खाली गेला. "आन् थ्या दिवशी आमी दोघं कळंबहून येऊन राह्यलो होतो. म्या यायच्या डाव्या बाजूले बसली होती. पोरगी सायकलीवर होती, रोडच्या कडंनं, चांगली कडंनं. म्या 'ओ' म्हनेपर्यंत गाडी घासून गेली. थे नालीत पडली. आन् हे..." त्या थांबल्या. "हे गाणं म्हणून राह्यले होते. मालूमच नाही त्यायले. म्या मांगं वळून पाह्यलं, पोरगी उठून बसली होती. म्हनून म्या गप राह्यली."

"वैष्णवी."

"रोज दूध नेऊन देतो तिच्या मायले. थे म्हनते, विमलताई तुमी किती करता. मले धरती फाटावं वाटते."

चूल फुसफुसत होती. बाहेर कोणीतरी बैलांना हाकत गेलं.

"तवापासून हे गाडीले हात लावतो म्हनले का म्या आंधीच थे ढिलं करून ठेवतो. गाडी थरथरते, हे कपिलले बोलावते. थो यायच्या आंधी पुन्हा आवयतो. कपिलनं चालवली तं मले घोर नसते."

"आणि कपिलवर आळ आला, तेव्हा?"

विमलताईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. "चावी त्यानं माह्याच हातात देली. म्या घेतली. बोल्ली असती तं यायच्या डोयाचं उघडं पडलं असतं, पोरीचं बी निंगालं असतं. म्या घेतली चावी."

चारुदत्तला रागावता आलं नाही. या बाईने निदान कोणाचा तरी जीव वाचवायला तोंड बंद ठेवलं होतं. त्याने तोंड उघडलं होतं ते टपरीवरचं हसू थांबवायला. तारेने बांधलेला आरसा त्याने पाहिला होता. घासलेली डावी बाजू पाहिली होती, पायाखाली आलेली परात पाहिली होती, चहाचा कप कुठल्या बाजूने दिला तेही पाहिलं होतं. त्यातलं काहीच त्याला हवं असलेलं उत्तर नव्हतं, म्हणून त्याने ते सोडून दिलं.

"चारूभाऊ, यायले नका सांगू," विमलताई म्हणाल्या. "गाडी गेली तं माणूस मोडून जाईन."

मागे पायऱ्यांवर चप्पल घासल्याचा आवाज झाला. विठ्ठलराव दारात उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे.

६

ते आत आले. डावा खांदा चौकटीला घासला. या वेळी ते चौकटीवर चिडले नाहीत. त्यांनी तिथे हात फिरवला, आणि दोघांनी ते पाहिलं हे त्यांना कळलं.

"पोरगी आपल्या गाडीनं पडली?" त्यांनी विचारलं.

विमलताईंनी मान हलवली. मग त्यांना ती दिसली की नाही कळेना, म्हणून "हो" म्हणाल्या.

विठ्ठलराव भिंतीला धरून खाली बसले.

"मले मालूम हाय डोयाचं," ते शेवटी म्हणाले. "यवतमाळले दाखवलं म्या, तुले न सांगता. डाक्टर म्हनला, गेलं थे परत येत नाही, डाव्या डोयाले काचबिंदू हाय. गाडी चालवू नका म्हनला. म्या म्हटलं, याले काय मालूम, चाळीस वर्षं चालवून राह्यलो." ते चारुदत्तकडे वळले, सगळं तोंड फिरवून, कारण तो त्यांच्या डाव्या बाजूला होता. "म्या कपिलले घरातला चोर म्हटलं."

"मी म्हटलं, काका," चारुदत्त म्हणाला. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात."

त्या संध्याकाळी नवरा-बायको दोघं वैष्णवीच्या घरी गेले. तिथे काय बोलणं झालं ते चारुदत्तला कळलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही. एवढंच कळलं, की विठ्ठलराव बाहेर अंगणात उभ्याने बोलले, आत बसायला तयार झाले नाहीत, आणि वैष्णवीच्या आईने दुसऱ्या दिवशी दूध घेतलं नाही. महिन्याभराने घेतलं.

दुसऱ्या दिवशी चारुदत्त कपिलकडे गेला. धुरपताबाई दारात तूर पाखडत होत्या, त्यांनी सूप थांबवलं नाही. कपिल बाजेवर बसला होता. चारुदत्तने सगळं सांगितलं. सांडशी, स्क्रू, डोळे, सायकल, काही राखून ठेवलं नाही.

"काकाजी येऊन गेले सकायी," कपिल म्हणाला. "चावी ठेवून गेले. गाडी आता तूच चालव म्हनले, रोजच्या रोज. म्या हो म्हटलं. यायचे डोये गेले, यायच्यावर काय राग धरू?"

"आणि माझ्यावर?"

कपिल बाजेवरून उठला. "तुमी माहं नाव टपरीवर घेतलं होतं," तो म्हणाला. "इथं येऊन माफी मांगली तं माह्या मायले ऐकू गेली. तिले गरज नव्हती."

म्हणून पुढच्या बाजारच्या दिवशी चारुदत्त टपरीपुढे उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. कपिलने काही केलं नव्हतं. खूण मी नीट तपासली नाही. माझं काम खोटं ठरू नये म्हणून मी माणूस खोटा ठरवला. विठ्ठलरावांच्या घरातलं त्याने काही सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क त्याचा नव्हता. बोलता बोलता त्याचे कान तापले, शब्द अडखळले. वडिलांनी पाहिलं असतं तर विषय बदलायला त्यांनाही जमलं नसतं.

कपिल पिकअपला टेकून ऐकत होता. चारुदत्तचं झाल्यावर त्याने टपरीभोवती नजर फिरवली.

"थ्या दिवशी लय माणसं होती इथं," तो म्हणाला. "आज त्यातले दोघं-तिघं दिसते मले. बाकीच्यायले कसं सांगता?"

टपरीवाल्याने कोणाला तरी सुट्टे परत दिले. एक माणूस भजी मागत होता. कपिल गाडीत बसला, सेल मारला आणि राळेगाव रोडला लागला. त्यानंतर त्याने ती गाडी चारुदत्तच्या गॅरेजमध्ये कधी आणली नाही. फिल्टरसाठीसुद्धा तो यवतमाळला जाऊ लागला.

बाकीच्यांना सांगण्याचं काम चारुदत्त अजून करतो आहे. राळेगाव, बाभुळगाव, कुठूनही गाडी आली की बोनेट उघडण्याआधी तो विचारतो, बाजाराला कळंबला येता का, आणि येत असतील तर सांगायला लागतो. कामाचा खोळंबा होतो. काही लोक मधेच फोनकडे पाहतात. काहींना वाटतं, हा मेकॅनिक जरा सटकलेला आहे.

परवा कोठा गावचा एक ट्रॅक्टरवाला आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळून दाढेखाली धरली आणि म्हणाला, "आयकलं होतं बा काईतरी. डायवरनं गाडी बिघडवली म्हणून. पण कोन कपिल?"

चारुदत्तने हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.